नदीला न्यायाधीश करू नका

‘पापाचा घडा भरला, म्हणून देवानं पाणी पाठवलं.’ अडाण नदी पात्र सोडून शेतांत शिरली, की बोरी अरबात हे कुणीतरी म्हणतंच. पारावर म्हणतात, सप्ताहाच्या मांडवात म्हणतात, आणि आता मोबाइलवरच्या प्रवचनांतून ते घरोघरी पोचतं. म्हणणारा बहुधा श्रद्धाळू असतो, त्याचा हेतूही वाईट नसतो. दाखला म्हणून तो जुन्या ग्रंथांतला जलप्रलय पुढे करतो: तेव्हा पृथ्वी पापानं भरली होती, देवानं ती धुऊन काढली, आजचा पूर त्याच जातीचा. मला हे साफ अमान्य आहे. हा दावा वस्तुस्थितीला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या ग्रंथांच्या नावानं तो केला जातो, ते ग्रंथच त्याच्या विरोधात साक्ष देतात. म्हणून हा प्रतिवाद देवाधर्माच्या बाहेर उभं राहून केलेला नाही. त्या कथांच्या आत शिरून केलेला आहे.

आधी आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. २२ जुलै २०२३ला यवतमाळ जिल्ह्यावर आभाळ फाटलं. यवतमाळ शहरात वाघाडी नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढा घातला आणि अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाला हाक द्यावी लागली. आता पंचांग उघडून बघा. त्या वर्षी अधिक श्रावण १८ जुलैला लागला होता. म्हणजे धोंड्याच्या महिन्याचा तो पाचवा दिवस होता. वर्षात इतर वेळी देवळाकडे न फिरकणारा माणूसही या महिन्यात पहाटे आंघोळ करतो, दिवा लावतो, जावयाला वाण देतो, पोथी लावतो. जिल्ह्यात पुण्याचं काम सर्वांत जास्त चाललेलं असताना पापाची शिक्षा आली, असं म्हणायचं का?

आणि ती आली कुणावर? नाल्याला लागून ज्यांची घरं आहेत त्यांच्यावर, नदीच्या वाकणात ज्यांची वावरं आहेत त्यांच्यावर. गावाची उंचावरची जागा आधीच वाटून गेलेली असते. मागून आलेल्याला, भूमिहीनाला, तांड्यावरच्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला उरतो तो सखल भाग. पुराचं पाणी उतार शोधतं, पाप शोधत नाही. ते जर खरंच पाप शोधत असतं, तर सावकारी व्याजानं लोकांची शेतं गिळणाऱ्याचा उंच जोत्यावरचा वाडा दर वेळी कोरडा राहिला नसता.

पूर उतरल्यावर नदीकाठच्या वावरात जाऊन उभं राहावं. कपाशीची तासं दिसेनाशी झालेली असतात. रोपं गाळात आडवी, पानांवर मातीचा पापुद्रा वाळलेला. नदीच्या अंगाला वीत-दोन वीत काळी माती निघून गेलेली आणि खालचा मुरूम उघडा पडलेला. ठिबकच्या नळ्या कुठंतरी बाभळीच्या बुंध्याला गुंडाळलेल्या. चार दिवसांनी कडक ऊन पडलं, की जी कपाशी वाचली असं वाटत होतं तीही माना टाकते. त्याला आकस्मिक मर म्हणतात: साचलेल्या पाण्यानं मुळांना हवा मिळत नाही आणि हिरवं झाड उभ्या उभ्या कोमेजतं. त्या बांधावर एखादी बाई उभी असते. तिनं बियाणं उधारीवर आणलेलं असतं, दुबार पेरणीला आता हंगामही उरलेला नसतो. तिला जाऊन ‘हे पापाचं फळ’ असं सांगायचं? कोणत्या पापाचं? तिच्या गेल्या हंगामात असं काय घडलं, जे तिच्या शेजारच्या उंच वावरात घडलं नाही?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: सुक्याबरोबर ओलंही जळतं. हे आगीबद्दल खरं आहे. आग आंधळी असते. तिला सुकं-ओलं कळत नाही. पण देव सर्वज्ञ आहे असं मानायचं आणि त्याच्या न्यायाला आगीचा आंधळेपणा चिकटवायचा, हे दोन्ही एकाच तोंडानं म्हणता येत नाही. सुकं आणि ओलं ज्याला वेगळं करता येत नाही, त्याला आपण तालुक्याच्या कोर्टातही न्यायाधीश म्हणून बसू देणार नाही.

महाराष्ट्रानं हा आरोप याआधीही निष्पाप माणसांवर होताना पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपतीचं विसर्जन करून, थकून झोपले होते. सुमारे १० हजार माणसं गेली. ती गेली ती जड दगड आणि माती यांनी रचलेल्या जाड भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. आपल्या विदर्भात, नरखेड तालुक्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ला वर्धा नदीच्या पुरानं २०४ जणांचा बळी घेतला. त्या दोनशेचार जणांत कोण पापी होतं, याचा हिशेब मांडायची कुणाची हिंमत आहे का? नसेल, तर पुढच्या पुराच्या वेळीही तोंड आवरावं.

मोठी माणसंही इथं घसरली आहेत. १५ जानेवारी १९३४ला बिहारात भीषण भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं म्हटलं. हेतू उदात्त होता. अस्पृश्यता हे पाप आहेच. पण रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं असं होतं, की निसर्गाची घटना आणि नीतीचा नियम यांची अशी सांगड घातली, तर हेच हत्यार उद्या सनातनीही उचलतील आणि भूकंप गांधींच्या अस्पृश्यता-निवारणाची शिक्षा आहे असं सांगतील. गांधीजींनी मत बदललं नाही. पण टागोरांचा प्रतिवाद त्यांनी आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला. टागोरांचा मुद्दा आजही कुणाला खोडता आलेला नाही. पुराला पापाची शिक्षा ठरवलं, की शिक्षा कुणाच्या पापाची हे ठरवण्याचा मक्ता ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. मग कुणी पोरींच्या कपड्यांवर बोट ठेवतो, कुणी आंतरजातीय लग्नावर, कुणी दुसऱ्या धर्माच्या वस्तीवर. पाणी ओसरतं, पण असं पेरलेलं वैर गावातून ओसरत नाही.

आता ग्रंथांकडे येऊ. आपल्याकडची जलप्रलयाची सर्वांत जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. मनू हात धूत असताना ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मीही तुला तारीन. कशापासून सांभाळायचं? मोठ्या माशांपासून. लहानांना मोठे गिळतात, तोवर मला जप, एवढंच त्याचं मागणं आहे. मनू त्याला घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. मासा त्याला येणाऱ्या पुराची आगाऊ खबर देतो, नाव बांधायला सांगतो, आणि पूर आल्यावर आपल्या शिंगाला दोर बांधून ती नाव उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढून नेतो. ही संपूर्ण कथा पुन्हा वाचा. प्रलय का आला, याचं कारण म्हणून माणसाच्या पापाचा एका शब्दानंही उल्लेख नाही. पूर येणार आहे, एवढंच आहे. महाभारताच्या वनपर्वातही प्रलय हा काळाचा फेरा आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात राजा सत्यव्रताच्या कथेत ब्रह्मदेवाचा दिवस संपतो, त्याला झोप लागते आणि हयग्रीव दैत्य वेद पळवतो; तिथंही जनतेला शिक्षा म्हणून पाणी सोडलेलं नाही. जी शिक्षा मूळ कथेत नाही, ती कथेच्या नावावर खपवायची, हा पोथीवरच अन्याय आहे.

या कथेत आहे ती दया. आणि तिचा क्रम ध्यानात घ्यावा: पहिली दया माणसाची आहे. देवानं माणसाला तारण्याआधी माणसानं एका दुबळ्या जिवाला बळकटांच्या तोंडातून वाचवलं. कथा जसजशी पुढच्या ग्रंथांत गेली, तसतशी ती नावही मोठी होत गेली. शतपथात मनू एकटा आहे. महाभारतात त्याच्याबरोबर सप्तर्षी आहेत, सर्व प्रकारचं बी आहे. भागवतात वनस्पती, बी-बियाणं, ऋषी आणि जीवमात्र येतात. पिढ्यान् पिढ्यांच्या कथाकारांना एकट्याचं वाचणं पुरेसं वाटलं नाही, म्हणून प्रत्येकानं नावेत आणखी जागा केली. आजचा प्रवचनकार उलट नावेतून माणसं खाली उतरवतो आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त मत्स्यावताराची उलटतपासणी केली आणि त्यामागे परकीयांच्या स्वारीचा इतिहास पाहिला. माझा रस्ता त्यांच्यापेक्षा वेगळा आहे. मी या कथेत करुणा पाहतो. पण अवताराच्या कथेला प्रश्न विचारणं हा मराठी माणसाचा हक्क आहे, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि तो हक्क मी बजावतो आहे.

कुणी म्हणेल, आपल्या कथेत शिक्षा नसेल, पण बायबलात आहे ना? आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नोहाची कथाही आपल्याला परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त जुन्या करारातल्या कथा मराठी ओवीत आल्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. कोकणातले बेने इस्राएल तर स्वतःला फुटलेल्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे वंशज मानतात. त्यांच्यासाठी हा घरचाच ग्रंथ. खुद्द यवतमाळात १९५३पासून १९८३पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं या ग्रंथाचा अभ्यास आपल्या जिल्ह्याच्या गावी चालला होता.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव पृथ्वीकडे पाहतो, तेव्हा तिच्यावर कोणता आरोप ठेवतो? पृथ्वी हिंसेनं, दांडगाईनं भरली आहे, हा. उपास मोडला, नवस फेडला नाही, सोवळं पाळलं नाही, असलं काही तिथं नाही. आणि शिक्षा ठरवणाऱ्या देवाला आनंद झाला नव्हता. त्याच्या मनाला यातना झाल्या, असं ग्रंथ सांगतो. तरीही तो प्रलय भयंकर आहे. त्यात लेकरं गेली, गुरं गेली, पाखरं गेली. हे वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्यानं ते वाचलंच नाही.

पण कथा तिथं संपत नाही, आणि आमचे प्रवचनकार नेमके तिथंच थांबतात. पाणी ओसरल्यावर नोहा वेदी बांधतो आणि देव ठरवतो, की माणसाचं मन लहानपणापासून वाईटाकडे ओढ घेतं हे खरं, तरी यापुढे सगळ्या जिवांचा असा संहार नाही. आधी ज्या कारणानं प्रलय आला, तेच कारण आता क्षमेचं कारण झालं. माणूस सुधारला म्हणून ही दया नाही. तो सुधारणार नाही हे ओळखून ती आहे. मग देव करार करतो, तो एकट्या नोहाशी नव्हे, तारवातून उतरलेल्या प्रत्येक प्राण्याशी, आणि ढगात धनुष्य ठेवतो. त्याच प्रसंगात माणसाच्या रक्ताचा जाब माणसाकडून घेतला जाईल, असा नियमही घालून दिला जातो. हिंसा करणाऱ्याला जाब विचारण्याचं काम पाण्याकडून काढून माणसाच्या हाती दिलं, असाच याचा अर्थ होतो. जो बायबलाच्या आधारानं आजच्या पुराला देवाचा दंड म्हणतो, तो त्याच बायबलातला देवाचा शब्द खोटा पाडतो.

पुढेही हाच धागा आहे. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशीच वाद घालतो: नीतिमानाला दुष्टाबरोबर मारणं हे साऱ्या जगाच्या न्यायाधीशाला शोभतं का? पन्नासपासून सुरुवात करून तो दहा नीतिमानांपर्यंत उतरतो. ज्यू परंपरेतल्या काही भाष्यकारांनी नोहाला दोष दिला आहे तो याच जागी: अब्राहामासारखा तो इतरांसाठी भांडला नाही, निमूट तारू बांधत राहिला. आणि शिलोहचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशूनं स्पष्ट नकार दिला. यापेक्षा सरळ निकाल दुसरा कोणता हवा?

कुराणात नूह पैगंबर साडेनऊशे वर्षं आपल्या लोकांत राहतात, त्यांना रात्रंदिवस समजावतात. त्यांचा स्वतःचा मुलगा नावेत चढत नाही, डोंगर मला वाचवील म्हणतो आणि बापाच्या डोळ्यांदेखत लाट त्याला नेते. बाप देवाकडे त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालतो. या कथेतली शिक्षा इशाऱ्याशिवाय येत नाही. साडेनऊशे वर्षं इशारा मिळालेल्यांची कथा, रात्री दोन वाजता झोपेत पाणी शिरलेल्या घराला लावायची कशी? त्या घराला तर साधा भोंगाही ऐकू आला नव्हता. या कथेतून काही शिकायचं असेल, तर इशारा देण्याचं कर्तव्य शिकावं.

या सगळ्यांहून जुनी प्रलयकथा मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटांवर कोरलेली आहे. तिथं एन्लिल देव चिडतो तो माणसांच्या गलबल्यानं झोपमोड होते म्हणून. प्रलय आल्यावर देवांनाच पश्चात्ताप होतो, देवी आक्रोश करते. आणि गिल्गमेशच्या अकराव्या पाटीवर ज्ञानाचा देव एआ एन्लिलला भर सभेत सुनावतो: ज्यानं गुन्हा केला त्याच्यावर त्याचा गुन्हा लाव, सरसकट सगळ्यांना बुडवू नकोस. ही पाटी १८७२ साली जॉर्ज स्मिथनं लंडनमध्ये वाचून दाखवली, तेव्हा जग थक्क झालं. मी आज करतो तो प्रतिवाद नवा नाही. पुराला सरसकट शिक्षा मानण्याला पहिला विरोध त्या जुन्या कथेत एका देवानंच केला आहे.

आता दोन आक्षेप प्रामाणिकपणे घेतले पाहिजेत. पहिला: भीती काढून टाकली तर माणूस नीतीनं वागेल का? पुराच्या भीतीनं सुधारलेलं एक तरी गाव दाखवा. भीतीनं माणूस शेजाऱ्याचं पाप शोधतो, स्वतःचं नाही. याच वऱ्हाडात गाडगेबाबा कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत फिरले आणि हातात खराटा घेऊन गाव झाडत राहिले. देवाचं नाव घेऊन माणसाला कामाला लावता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी कुणाच्या मढ्यावर बोट रोखायची गरज त्यांना पडली नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला न्याय करणारा देव हवा असतो. गरिबाला लुटून गब्बर झालेल्याचा कधी तरी हिशेब होईल, या आशेवर कित्येक माणसं जगतात. ती आशा मी हिरावून घेत नाही. देवाचा न्याय असावा, आणि तो दांडग्यांवर असावा, हेच नोहाच्या कथेतलं आरोपपत्र सांगतं. मी एवढंच म्हणतो, की तो न्याय अडाणच्या पाण्यात शोधू नका. त्या पाण्यात पहिली बुडते ती लुटलेल्याची झोपडी. याला न्याय म्हणणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं.

आणि यात नुकसान फक्त भावनेचं नाही. ‘देवाचा कोप’ म्हटलं, की सगळे सुटतात. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून विकणारा सुटतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती रेषा आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा, दोन्ही कागदावर आखायच्या असतात; त्या गावात कुणी दाखवल्या नाहीत, हे विचारायचं राहून जातं. वाळू उपसून नदीचे काठ पोखरणारा सुटतो. नाला बुजवून रस्ता काढणारा सुटतो, पुलाची उंची ठरवणारा सुटतो. वेळेत पंचनामा न करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस मोजला गेला तर अतिवृष्टी धरतात. तो मोजणारं यंत्र आपल्या वावरापासून किती लांब आहे, हा प्रश्न देवाला विचारून सुटणारा नाही. तहसीलदाराला विचारावा लागतो.

कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हीही पापामुळेच पूर आला म्हणता. हो, पुराचं नुकसान वाढवणारे अपराध आहेत. पण त्या अपराधांवर तारीख असते, सही असते, शिक्का असतो. ते अमक्या माणसानं अमक्या दिवशी केलेले असतात. ते सगळ्या गावाच्या माथी मारणं म्हणजे खऱ्या अपराध्याला गर्दीत लपवणं.

म्हणून कीर्तनकार महाराजांना, पाळक साहेबांना आणि मौलाना साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे: प्रलयाची कथा जरूर सांगा, पण शेवटपर्यंत सांगा. ओंजळीतला मासा सांगा, अब्राहामाचा वाद सांगा, नूहचं बापपण सांगा. आणि बोरी अरबच्या गावकऱ्यांना सांगणं आहे: पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत पूररेषेचा नकाशा मागा, नदीकाठच्या प्रत्येक घराची यादी करा, रात्री इशारा कोण देणार आणि माणसं कोणत्या शाळेत हलवणार हे नावानिशी ठरवून ठरावात लिहून घ्या. पूर आलाच, तर ज्याचं घर गेलं त्याला त्याचं पाप विचारू नका. त्याच्या दारी धान्य, अंथरूण आणि बियाणं घेऊन जा, आणि पंचनाम्याच्या दिवशी त्याच्या बाजूनं उभे राहा.